भट्टीचा बंब

इथल्या पहिल्या हिवाळ्यात अंगणातल्या बर्फावर एक काळपट रेघ उमटली. परसातल्या, घर तापवणाऱ्या भट्टीपासून घराच्या मागच्या भिंतीपर्यंत, दीडेक हात रुंद, जराशी वाकडी. चहूकडे गुडघाभर बर्फ आणि त्या पट्ट्यात मात्र ओली माती. एका जागी तर चक्क हिरवं गवत. मला ती रेघ फार आवडली. फोटो काढून आईला पाठवलासुद्धा.

दोन दिवसांनी शेजारचे आजोबा आले. आम्ही घरात त्यांना 'तात्या' म्हणतो, त्यांना ते ठाऊक नाही. सगळा जन्म इथे, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर भागात, गायी आणि जंगल यांच्यात गेलेला माणूस. रेघेकडे बघून हसले आणि म्हणाले, "गांडुळांना ऊब देतेयस वाटतं." इंग्रजीत तू-तुम्ही नसतं, पण त्यांचं बोलणं माझ्या कानाला अरेतुरेतच ऐकू येतं, आणि ते बरं वाटतं.

त्या वर्षी आम्ही 17 कॉर्ड लाकूड जाळलं. कॉर्ड म्हणजे चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब अशी रचलेली थप्पी, 128 घनफूट. अशा 17 थप्प्या. त्यातल्या किती गांडुळांच्या वाट्याला गेल्या याचा हिशेब मी नंतर मांडला, आणि तो पुढे येईलच.

नवऱ्याला इथल्या छोट्या गावातल्या इस्पितळात नोकरी मिळाली म्हणून आम्ही इकडे आलो. माझं काम घरबसल्या, त्यामुळे भट्टी माझ्या वाट्याला आली. घर घेतलं तेव्हा ती घराबरोबरच आली होती: पत्र्याच्या छोट्या खोपटासारखी दिसणारी, डोक्यावर आखूड धुराडं, पुढे जाड लोखंडी दार. आत लाकूड जाळायची पोकळी आणि तिच्याभोवती सगळीकडून पाणी, दोनशे गॅलन. ते पाणी तापतं, जमिनीखालच्या पाइपातून घरात येतं, तळघरातल्या जाळीदार रेडिएटरमधून फिरतं, पंखा त्यावरून हवा फुंकतो आणि घर ऊबदार होतं. गार झालेलं पाणी दुसऱ्या पाइपाने परत भट्टीकडे. हे पाणी बंद दाबाखाली नसतं, वर उघडी वाफनळी असते, त्यामुळे फुटायची भीती नाही. आग, धूर, राख, किडे, सालपटं सगळं घराबाहेर. फायद्याची गोष्ट तीच. तोट्याची गोष्ट म्हणजे पहाटे पाचला उणे वीस फॅरेनहाइटमध्ये तिला घास भरवायला बाहेर जावं लागतं. या राज्यातली नीचांकी नोंद उणे 55 आहे, 4 फेब्रुवारी 1996ची, कुडरे नावाच्या खेड्यातली. तात्यांना तो दिवस आठवतो. त्यांच्या मते त्या दिवशी लाकूड फोडायला सर्वांत सोपं होतं, कुऱ्हाड नुसती टेकवली की ओंडका काचेसारखा तडकायचा.

घर दाखवणाऱ्या बाईंनी भट्टीचं दार उघडून दाखवलं तेव्हा मी नवऱ्याला मराठीत म्हटलं, "अरे, हा तर बंब!"

आजीच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. मधोमध नळी, नळीत विस्तव, नळीभोवती पाणी, खाली जाळी आणि राख पडायची जागा, बाजूला पितळी तोटी. नळीत वरून करवंट्या, सोडणं, चुडतांचे तुकडे, काटक्या टाकायच्या. दहा मिनिटांत नळी घोंघावायला लागायची. अर्ध्या तासात पाणी कढत आणि विस्तव जवळपास संपलेला. मग घरातली माणसं एकामागून एक आंघोळीला. शेवटच्याला कोमट मिळायचं, तो शेवटचा बहुधा मामा. बंबाचे दोनच नियम आजी आम्हाला शिकवायची. पहिला, "अगो, आधी पाणी बघ, मग काडी लाव." पाणी कमी असताना पेटवला की नळीचा डाख सुटायचा आणि बंब कासाराकडे. दुसरा नियम, धूर दिसला की फुंकणी घ्या, धूर म्हणजे सरपण फुकट चाललंय. पन्नास वर्षं तिने यापलीकडे उष्णताशास्त्र शिकलं नाही, आणि तिला काही अडलंही नाही.

मला मात्र अडलं, कारण हे दोन्ही नियम मी अमेरिकेत येऊन विसरले होते.

पहिल्या वर्षी मी भट्टी गच्च भरायची. मोठे ओंडके, ओले-सुके सगळे. विकणाऱ्याच्या जाहिरातीत आणि गावातल्या गप्पांत हेच ऐकलं होतं की हिला काहीही चालतं, भरा आणि झोपा. भट्टीला एक तापमानाचा स्विच असतो. पाणी 185 अंश फॅरेनहाइटवर गेलं की झडप बंद, हवा बंद, आग गुदमरते. 175 पर्यंत उतरलं की झडप उघडते, आग पुन्हा पेट घेते. कडाक्याच्या थंडीत हे चांगलं चालतं, कारण झडप बहुतेक वेळ उघडीच असते. पण ऑक्टोबरात, किंवा मार्चच्या उन्हात, घराला उष्णता लागतेच किती? अशा दिवसांत तासन् तास भट्टी नुसती धुमसत पडते. पोटात दोन मण लाकूड, हवा नाही, भोवती आगीच्या मानाने थंड पाण्याची भिंत. लाकडातून निघालेला धूर जळायला जागाच नाही. त्यातला काही धुराड्यातून बाहेर पडतो आणि काही आतल्या भिंतींवर डांबर होऊन बसतो.

जानेवारीत एकदा त्या डांबराने धुराडं इतकं अरुंद केलं की धूर दारातून बाहेर यायला लागला. मी घाईघाईत दार सताड उघडलं. आत अडकलेल्या धुराला एकदम हवा मिळाली आणि 'भुस्स' करून ज्वाळा बाहेर आली. डाव्या भुवईचे केस गेले, कपाळावरची बट गेली, आणि करपलेल्या केसांचा वास दोन दिवस नाकातून जाईना. तेव्हापासून दार आधी दोन बोटं किलकिलं करते, वीस मोजते, मग उघडते.

आता रेघेबद्दल. ती बरोबर जमिनीखालच्या पाइपाच्या वर होती. तात्यांचं गांडुळांवरचं बोलणं मनाला लागलं होतं. मी दोन थर्मामीटर आणले, न टेकवता लांबून मोजणारे, इन्फ्रारेडवाले. तांब्याच्या चकचकीत पाइपावर त्यांचा आकडा चुकीचा येतो, म्हणून पाइपाला दोन्ही टोकांना काळी चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर तापमान बघितलं. भट्टीपाशी 180, घरात शिरताना 173. सात अंश. ऐकायला काहीच नाही. पण पाण्याच्या पाइपांचं काम करणाऱ्या लोकांचं एक सोपं गणित आहे: मिनिटाला किती गॅलन पाणी फिरतं, गुणिले 500, गुणिले किती अंश उतरलं, की तासाला किती बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं माप) गेले ते कळतं. (एक गॅलन पाणी 8.34 पौंडांचं, तास साठ मिनिटांचा, त्यावरून तो 500.) आमचा पंप मिनिटाला सहा गॅलन फिरवतो. सहा गुणिले 500 गुणिले सात, तासाला 21 हजार बीटीयू. सौम्य दिवशी अख्ख्या घराला लागतात त्याहून जास्त, आणि हे फक्त जाण्याच्या वाटेवर. ओकच्या एका कॉर्डमध्ये साधारण अडीच कोटी बीटीयू असतात, आणि अशी जुनी भट्टी त्यातली निम्मी उष्णता तरी धुराड्यातून सोडते. म्हणजे दर चोवीस-पंचवीस दिवसांना एक कॉर्ड आम्ही मातीत पुरत होतो.

उन्हाळ्यात चर खणला. इथे जमिनीत फावडं घालण्याआधी 811ला फोन करायचा असतो. मग माणसं येऊन गवतात छोटे झेंडे रोवून जातात: विजेचा लाल, गॅसचा पिवळा, पाण्याचा निळा, टेलिफोनचा नारिंगी. परसात एखाद्या जत्रेसारखी पताका लागली. चर खणल्यावर जुना पाइप बाहेर आला तो बघून तात्यांनी नुसती मान हलवली. शेताचं पाणी काढायला वापरतात तसला काळा नालीदार पाइप, त्याच्या आत दोन नळ्या, आणि नळ्यांभोवती खोक्यात घालतात तसलं बुडबुड्यांचं चंदेरी प्लास्टिक. जोडाच्या जागी पाणी आत शिरून सगळा पाइप भरलेला. म्हणजे कढत नळ्या गार पाण्यात बुडवून ठेवलेल्या, त्याही वर्षानुवर्षं. त्या जागी 110 फूट नवा पाइप घातला, ज्यात नळ्यांभोवती सगळीकडे घट्ट फोम भरलेला असतो. महाग पडला. त्या हिवाळ्यात सात अंशांचा एक अंश झाला आणि लाकूड साडेनऊ कॉर्डांवर आलं. अंगणातला बर्फ अखंड राहिला. रेघ दिसेना तेव्हा, खरं सांगायचं तर, थोडं चुकल्यासारखं वाटलं.

पाइप झाला आणि मी खूश होते, तेव्हा पाण्याने दुसरं दुखणं दाखवलं. भट्टीच्या अंगाला एक पारदर्शक नळी असते, पाण्याची पातळी दाखवणारी. तिच्यातलं पाणी दर आठवड्याला बोटभर उतरायला लागलं. मी भर घालत राहिले. आजीच्या बंबात रोजच ताजं पाणी पडायचं, त्यात विशेष काय? पण तो बंब तांब्याचा होता आणि ही भट्टी लोखंडाची. ताज्या पाण्याबरोबर ताजा प्राणवायू जातो आणि लोखंडाला आतून गंज लागतो. म्हणून या भट्ट्यांत तेच पाणी वर्षानुवर्षं ठेवतात, त्यात गंजविरोधी औषध घालतात आणि दरवर्षी तपासतात. तात्यांची परीक्षा सोपी आहे. तोटीतून थोडं पाणी पांढऱ्या कपात घ्यायचं. काळसर असलं तर ठीक, तांबूस असलं तर आत प्राणवायू शिरतोय. माझा कप तांबूस निघाला, गाळल्या चहासारखा.

भोक सापडलं ते पोकळीच्या तळाशी, मागच्या कोपऱ्यात, टाचणीएवढं. आधीच्या मालकाने उन्हाळाभर राख आत तशीच ठेवलेली असणार. राख हवेतली ओल शोषते आणि लोखंडावर ओल्या पोटिसासारखी बसून राहते. गावातल्या वेल्डरने पत्रा कापून ठिगळ लावलं. तो आत, फक्त पाय बाहेर, आणि आतून शिव्या, ज्यांतल्या बऱ्याच माझ्यासाठी नवीन होत्या. बाहेर आल्यावर त्याने भिंतींवरच्या ओलसर काळ्या थराकडे बोट केलं आणि विचारलं, "परत येणारं पाणी किती अंशांवर असतं?"

मी कधी बघितलंच नव्हतं. पहाटे आग मंदावलेली असताना 120-125 असायचं. ते 140च्या खाली गेलं की भट्टीच्या आतल्या भिंती इतक्या गार पडतात की धुरातली वाफ तिथेच दवासारखी जमते, आणि ते दव आम्लधर्मी असतं. म्हणजे आगीच्या बाजूने राख आणि पाण्याच्या बाजूने गंज कमी म्हणून की काय, धूरही लोखंड खात होता. उपाय म्हणजे परतीच्या पाइपावर एक तापमान ओळखणारा व्हॉल्व्ह. परत येणारं पाणी फार गार असलं की तो त्यात भट्टीतलंच गरम पाणी मिसळतो आणि मगच आत सोडतो.

वेल्डर मला हे हातवारे करून समजावत होता आणि मला हसू येत होतं. हे विसण! फक्त उलटं. आपण कढत पाण्यात गार विसण घेतो, इथे गार पाण्याला गरम विसण द्यायचं. नवऱ्याने व्हॉल्व्ह बसवला तेव्हा मी त्याच्यावर खडूने 'विसण' लिहिलं. अजून आहे.

मध्ये एक रात्र वीज गेली, बाहेर उणे अठरा. पंप बंद की भट्टीतलं पाणी उकळायला लागतं आणि घरातल्या नळ्या गोठायच्या वाटेला लागतात, दोन्ही एकाच वेळी. इथले लोक जनरेटर ठेवतात. आम्ही महाराष्ट्रातल्या लोडशेडिंगमध्ये वाढलेली माणसं, इन्व्हर्टर आणि बॅटरी लावली. पंपाला दोन जुन्या बल्बांइतकीही वीज लागत नाही. तात्यांना ती कल्पना फारच आवडली आणि त्यांनीही लावून घेतली. भारतातून इथे मी काही आणलं असेल तर ते हे.

पण धूर राहिलाच होता. आणि तो विषय मी टाळत होते.

रस्त्यापलीकडच्या बाई एका ऑक्टोबरात आल्या. वारा पडलेला होता. त्या फार सभ्यपणे बोलल्या, त्यामुळे जास्त लागलं. म्हणाल्या, तुझ्या भट्टीचा धूर जमिनीलगत सरकत आमच्याकडे येतो. मी खिडक्या उघडत नाही. नातवाला दमा आहे, त्याला या दिवसांत बोलावत नाही. मी काहीतरी 'सॉरी' पुटपुटले. त्या गेल्यावर बाहेर जाऊन बघितलं तर खरंच, निळसर पट्टा गवतावरून त्यांच्या घराकडे रांगत चालला होता. आखूड धुराड्यातून सुटलेला गार, जड धूर. मी आत बसून लिंबाचं सरबत पीत होते, आणि घरात धुराचा वासही नव्हता. या भट्टीची खुबी म्हणून मी जे पाहुण्यांना सांगायचे ते हेच.

या धुरामुळेच अमेरिकेत या भट्ट्यांवर बरीच वर्षं वाद चालू आहे. केंद्राच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, 2015 साली नव्या भट्ट्यांसाठी नियम केले आणि मे 2020पासून ते आणखी कडक केले: दहा लाख बीटीयूमागे 0.10 पौंडापेक्षा जास्त धूलिकण नकोत. ते पाळणाऱ्या नव्या भट्ट्यांत धूर वेगळ्या, विटांच्या तापलेल्या कप्प्यात नेऊन पुन्हा जाळतात. आमची त्याआधीची. केंद्राच्या नियमाने ती वापरायला बंदी नाही, गावोगावचे नियम वेगळे. नवी घ्यायची तर दहा हजार डॉलरच्या वर. आमच्याकडे तेव्हा नव्हते. आणि मी जे काही ठोकाठोक करीन त्याने जुनी भट्टी कागदोपत्री नवी होणार नव्हती, हेही माहीत होतं.

ठोकाठोक केली. धुराडं चार फुटांनी वाढवलं, दुहेरी भिंतीचं, नाहीतर वरच्या गार भागात पुन्हा डांबर. दाराच्या फटी बुजवणारी दोरी बदलली. तळाशी आणि बाजूंना भट्टीच्या विटा रचल्या, म्हणजे निखाऱ्यांना पाण्याच्या गार भिंतीचा स्पर्श कमी होईल. फरक पडला. पण पुरेसा नाही.

मग एका रविवारी आईशी फोनवर बोलताना तिने सहज विचारलं, "पण तुमचा बंब विझतो कधी?"

मी म्हटलं, "विझत नाही. ऑक्टोबर ते एप्रिल पेटलेलाच."

"अगं, मग सरपण पुरेल कसं?"

तो प्रश्न डोक्यातून जाईना. आजीचा बंब कधी धुमसत ठेवलेला मी पाहिला नव्हता. त्याला झडपच नव्हती. पेटायचा, घोंघावायचा, संपायचा. उष्णता विस्तवात साठवून ठेवायची कल्पनाच नव्हती, ती साठायची पाण्यात. आमच्या भट्टीत नेमकं उलटं चाललं होतं. दोनशे गॅलन पाणी घराला दोन-तीन तासही पुरत नाही, म्हणून साठा लाकडाच्या रूपात, अर्धवट जळत ठेवलेला. पाणी वाढवलं तर आग रोखावीच लागणार नाही.

विस्कॉन्सिनमध्ये मोठी टाकी शोधायची म्हणजे गोठ्यात बघायचं. गेल्या वीस वर्षांत इथले दूध काढणारे गोठे निम्म्याहून कमी झालेत, आणि बंद पडलेल्या प्रत्येक गोठ्यात दूध गार ठेवायची स्टीलची टाकी तशीच उभी आहे. तात्यांच्याकडे एक होती, पाचशे गॅलनची, अंगात फोम असलेली. त्यांनी गायी विकल्या तेव्हापासून तिच्यात मांजराचं खाणं आणि जुने दोर ठेवलेले. मी विकत मागितली. ते बराच वेळ टाकीकडे बघत राहिले. म्हणाले, "हिने तीस वर्षं गार ठेवलं. आता गरम ठेवू दे." पैसे घेतले नाहीत. शेडचं दार काढूनच ती बाहेर आली, ट्रॅक्टरवरून आमच्या गॅरेजात.

टाकीत 120 फूट तांब्याची नळी वेटोळं करून सोडली. भट्टीचं औषधी पाणी नळीतून फिरतं, टाकीतलं पाणी बाहेरून तापतं, दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. तांब्याच्या किमतीवरून घरात एक संध्याकाळ अबोला होता. पहिल्या आठवड्यात टाकीचं झाकण नीट बसलेलं नव्हतं, त्यामुळे वाफेने गॅरेजच्या खिडक्यांवर आतून बर्फाचं नक्षीकाम झालं आणि माझे सगळे पाने गंजले. वर रबरी चादर आणि फोमचा जाड पत्रा घातल्यावर थांबलं.

टाकी 165पर्यंत तापते. 120पर्यंत उतरली तरी घरात हवा ऊबदार येते. मधले 45 अंश म्हणजे पाचशे गॅलनमध्ये सुमारे 1 लाख 88 हजार बीटीयू. कडक थंडीत पाच-सहा तास, ऑक्टोबरात रात्रभर. आता सौम्य दिवसांत मी संध्याकाळी एकदाच पेटवते. वाळलेलं, मनगटाएवढं फोडलेलं लाकूड. दोन-अडीच तास झडप पूर्ण उघडी, भट्टी घोंघावते, धुराड्याच्या तोंडावर नुसती हवा थरथरताना दिसते. मग निखारे, मग राख. जानेवारीत मात्र अजूनही दिवसातून तीनदा भरावी लागते. मागच्या वर्षी सात कॉर्ड.

लाकूड आता बहुतेक ॲश नावाच्या झाडाचं. 2002 साली मिशिगनमध्ये सापडलेला, ॲशची झाडं मारणारा हिरवा भुंगा 2008मध्ये या राज्यात पोचला आणि आता आमच्या रस्त्याकडेची ॲशची झाडं एकेक करून वाळताहेत. सालीवर इंग्रजी 'डी'च्या आकाराची बारीक भोकं, साल सोलली की आत अळ्यांनी कोरलेल्या नागमोडी वाटा. जळण उत्तम होतं, ओकसारखी वाळायची दोन वर्षं वाट बघावी लागत नाही. लांबचं लाकूड आणायचं नाही, भुंगा त्यातूनच प्रवास करतो. उभी वाळलेली झाडं फार ठिसूळ असतात, म्हणून पाडायचं काम तात्यांचा मुलगा करतो, मी लांब उभी राहते.

रस्त्यापलीकडच्या बाईंना मी या सगळ्याबद्दल काही सांगितलं नाही. गेल्या नोव्हेंबरात त्यांच्या अंगणात एक लहान मुलगा बर्फात लोळताना दिसला. नातू असावा. जानेवारीच्या पहाटे, भरल्यावर पहिली दहा मिनिटं, अजूनही धूर होतो, आणि तेव्हा मी त्यांच्या खिडकीकडे बघायचं टाळते.

मे महिन्यात भट्टी विझते. राख सगळी खरवडून काढायची, भिंतींचं डांबर पत्र्याने सोलायचं, धुराड्यावर बादली उपडी घालायची, पाण्याचा कप बघायचा. या वर्षी काळसर होता. राखेतली थोडी बागेत टाकते आणि बरणीभर बाजूला ठेवते. आईने पाठवलेला पितळी तांब्या त्या राखेने घासते, चिंच मात्र दोन तासांवरच्या दुकानातून आणावी लागते.

रेघ गेली म्हटलं ते पूर्ण खरं नाही. पाइप जिथे जमिनीतून वर येऊन भिंतीत शिरतो तिथे हातभर जागा अजून उघडी पडते. तिथला फोम मीच कापला होता, घाईत, आणि नीट भरला नाही. दोन पावसाळे झाले, खणायचं राहतंच आहे. थंडीत दुपारचं ऊन आलं की तात्यांचं म्हातारं मांजर शेत ओलांडून येतं आणि बरोबर त्या हातभर मातीवर बसतं.